दूर आणि घडी : मैलापूरच्या निमित्ताने ऋतुवस्त्राच्या इतिहासाचा विचार

वस्त्रांच्या इतिहासाची साधने विपुल आहेत. पैठणीचे काठ, कांजीवरमचे पदर, सरदारांचे अंगरखे संग्रहालयांत जपून ठेवले जातात, त्यांची सूची होते, त्यांवर प्रबंध लिहिले जातात. परंतु देशातील निम्म्या प्रौढ लोकसंख्येने आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे दरमहा वापरलेले एक वस्त्र या सूचींत आढळत नाही. जुन्या लुगड्याचा तो तुकडा विरेपर्यंत धुतला जाई आणि मग पुरून वा जाळून टाकला जाई. वस्तू अशा रीतीने नाहीशी झाल्यावर अभ्यासकाच्या हाती तीन गोष्टी उरतात : शब्द, निषेध आणि घराची रचना. म्हणूनच हा विषय केवळ आरोग्यशास्त्राचा वा बाजारपेठेचा न राहता तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेत येतो.

प्रस्तुत निबंधात मांडावयाचे आहे ते असे : दक्षिणेतील आणि दख्खनमधील भाषांनी ऋतुकाळाला नाव देताना वस्त्राचे नाव टाळले व अंतराचे नाव स्वीकारले. ज्या घरांना हे अंतर पाळणे परवडत होते त्या घरांतील आचारच शास्त्र म्हणून लिहिला गेला आणि ज्या स्त्रियांना ते परवडत नव्हते त्यांची घडी मात्र इतिहासाबाहेर राहिली. पुढे शहरात अंतरासाठी जागाच उरली नाही, तेव्हा दुकानातील पॅडने त्या जागेचे काम अंगावर घेतले.

या विचारासाठी मैलापूर निवडण्याचे कारण आहे. चेन्नईच्या या जुन्या वस्तीत कपालीश्वराच्या देवळाभोवती चार माड वीथी आणि त्यांच्या आसपास ब्राह्मणांची घरे, पूर्वेस समुद्राकाठी कोळ्यांचे कुप्पम, लझच्या बाजूस वकिलांचे बंगले अशी सरमिसळ एकोणिसाव्या शतकापासून आहे. मराठी अभ्यासकाला हे स्थळ परकेही नाही. तंजावरचे मराठी राज्य १८५५ मध्ये खालसा झाले. पण त्याच्या आधीपासूनच तंजावर-कुंभकोणम् भागातील देशस्थ घराणी मद्रासला येऊ लागली होती. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव निवृत्तीनंतर मैलापुरातच राहिले व १८९१ मध्ये तेथेच वारले. त्यांचे आप्त दिवाणबहादूर आर. रघुनाथराव हे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. त्यांच्या मैलापुरातील घरी डिसेंबर १८८४ मध्ये सतरा जणांची बैठक झाली आणि तीत राष्ट्रसभेची कल्पना निघाली, अशी एक परंपरा सांगितली जाते. ज्या घरात राष्ट्राची चर्चा झाली त्या प्रकारच्या घराच्या मागल्या बाजूला काय चालत असे, हा आपला विषय.

प्रारंभ शब्दापासून करू. तैत्तिरीय संहितेत (२.५.१) विश्वरूपाच्या वधाची कथा येते. इंद्राला लागलेल्या ब्रह्महत्येचा एक तृतीयांश भाग स्त्रियांनी घेतला आणि तो त्यांच्या ठिकाणी ऋतुरूपाने प्रकटला, असे ती सांगते. येथे ऋतुमती स्त्रीला दिलेले नाव 'मलवद्वासस्' असे आहे. मळलेले आहे वस्त्र जिचे, ती. सर्वांत जुन्या अशा या स्थळी नाव पडले आहे ते वस्त्रावरून, ही बाब महत्त्वाची होय. बृहदारण्यकातही तीन दिवस काशाच्या भांड्याने पाणी न पिण्याचा आणि नवे, न धुतलेले कोरे वस्त्र नेसण्याचा उल्लेख आहे. महाभारताच्या सभापर्वात द्रौपदीला सभेत ओढून आणले तेव्हा ती रजस्वला व एकवस्त्रा होती, हे सर्वांस ठाऊक आहे. 'एकवस्त्रा' या विशेषणाचा विचार आपण अपमानाच्या संदर्भात करतो. वस्त्रेतिहासाच्या दृष्टीने ते एक साक्षही आहे. ऋतुकाळी एकच वस्त्र, आणि तेच नेसणही व शोषणारे कापडही, अशी एक रीत त्यातून दिसते. स्वतंत्र 'ऋतुवस्त्र' ही कल्पनाच या चौकटीत नाही. स्त्री जेव्हा बसूनच असते, तेव्हा तिच्या अंगावर काही अडकवून ठेवण्याचे कारण उरत नाही.

तैत्तिरीय संहितेतील निषेधांची यादी याच ठिकाणी येते. न्हाऊ नये, तेल लावू नये, केस विंचरू नयेत, काजळ घालू नये, दात घासू नयेत, नखे कापू नयेत, सूत कातू नये, दोरी वळू नये. आणि प्रत्येक निषेध मोडल्यास होणाऱ्या अपत्यात कोणते व्यंग येईल तेही सांगितले आहे. सूत आणि दोरी या दोन गोष्टी या यादीत याव्यात, हे लक्षवेधक आहे. घडी बांधावयाची तर याच दोहोंची गरज. अर्थात हा योगायोगच समजावा. सूत्रकर्त्याच्या मनात तसे काही असल्याचे म्हणणे म्हणजे संहितेवर आपला विचार लादणे होईल.

अमरकोशात येईपर्यंत शब्दांची दिशा पालटू लागते. मलिनी, पुष्पवती, उदक्या, ऋतुमती. मळ आहे, फूल आहे, पाण्याची गरज आहे. पण वस्त्र मागे पडले आहे. देशी भाषांत ते जवळजवळ लुप्त होते. तमिळमधील घरगुती शब्द 'दूरम्' किंवा 'वीट्टुक्कु दूरम्', म्हणजे घराला दूर. कन्नडमध्ये 'होरगे', बाहेर. तेलुगूतला 'बहिष्टु' हा संस्कृत बहिः या शब्दाच्याच कुळातला. मराठीत 'बाहेर बसणे', 'बाजूला बसणे', 'दूर होणे', 'शिवायचे नाही', आणि मुलांना सांगण्यासाठी 'कावळा शिवला'. चार भाषा, दोन भाषाकुळे, आणि नाव देण्याची पद्धत एकच : स्त्रीच्या देहात काय घडते ते न सांगता घराच्या नकाशावर ती कोठे आहे तेवढे सांगावयाचे. मैलापुरातील एखाद्या तंजावरी मराठी घरातील मुलीला शेजारच्या अय्यर घरातील 'दूरम्' समजण्यासाठी भाषांतराची गरज पडण्याचे कारण नव्हते. शब्दही तोच आणि घराचा तो कोपराही तोच. भाषिक ऋणाचा अभ्यास करताना आपण राजकारभाराचे व स्वयंपाकाचे शब्द गोळा करतो. स्पर्शास्पर्शाचे शब्द त्याहून सहज सीमा ओलांडतात, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. 'सोवळे' या अर्थी तमिळ, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांत रूढ असलेला 'मडी' हा शब्द हेच दाखवतो.

मराठी परंपरेत याला छेद देणारे आवाज जुने आहेत. महानुभाव पंथात चक्रधरांनी ऋतुस्रावाला शरीराच्या इतर द्वारांतून जाणाऱ्या मळाच्या पंक्तीत बसवले आणि त्याचे खास अशुचित्व नाकारले. तेराव्या शतकातील हा विचार आजही नवा वाटतो. चोखोबांची पत्नी सोयराबाई हिच्या नावावरील प्रसिद्ध अभंगाचा आशय त्याहून पुढे जातो : ज्या विटाळाला सारे नावे ठेवतात त्याच्यावाचून कोणता देह जन्मला, असा तिचा प्रश्न आहे. येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. चक्रधर शिष्यांची शंका फेडतात. सोयराबाई मात्र जन्मभराच्या अस्पृश्यतेतून बोलते, आणि तिच्या तोंडी 'विटाळ' हा शब्द जात व ऋतू या दोहोंवर एकाच वेळी पडतो. महिन्याचे चार दिवस अस्पर्श ठरणारी स्त्री आणि आयुष्यभर अस्पृश्य ठरवलेली स्त्री यांच्यातील नाते पुढे वस्त्र धुण्याच्या प्रश्नात पुन्हा येईल.

या आवाजांच्या विरुद्ध टोकाला तंजावरचा एक ग्रंथ उभा आहे. अठराव्या शतकात, मराठी राजांच्या आश्रयाने, त्र्यंबकयज्वा या पंडिताने 'स्त्रीधर्मपद्धति' हा संस्कृत ग्रंथ रचला. ज्यूलिया लेस्ली यांनी त्याचा अभ्यास व अनुवाद १९८९ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो जगभरच्या अभ्यासकांपुढे आला. पहाटेपासून रात्रीपर्यंत स्त्रीने काय करावे याचा तपशील देणाऱ्या या ग्रंथात रजस्वलेचे धर्म वेगळे सांगितले आहेत आणि त्यांचा आधार ती तैत्तिरीय यादीच आहे. दोन-अडीच हजार वर्षांनीही यादी फारशी बदललेली नाही. असा ग्रंथ नेमका याच दरबारात का लिहावासा वाटला? लेस्ली यांच्यानंतर अनेकांनी यावर तर्क केले आहेत. माझ्या मते उत्तर साधे असावे. तमिळ प्रदेशात, तेलुगू नायकांच्या जागी आलेले हे मराठी राज्य होते आणि त्याच्या पंडितवर्गाला घराघरांतील आचाराचे एक सामाईक, संस्कृत प्रमाण हवे होते. नियम जेव्हा असा तपशीलवार लिहून काढावा लागतो, तेव्हा तो सर्वत्र सारखा पाळला जात नसावा, असेही अनुमान निघते.

नियम पाळावयाचा तर घर तसे हवे. मैलापूरच्या जुन्या घरांत रस्त्याकडे तिण्णै म्हणजे ओटा, मग दिवाणखाना, मधे उघडा चौक, स्वयंपाकघर, आणि मागे विहीर व कोल्लै म्हणजे परसू. आपल्याकडील वाड्यातील ओसरी, माजघर, पडवी, परसू यांशी ताडून पाहावे. दूर बसणाऱ्या स्त्रीची जागा दोन्हीकडे मागल्या बाजूस, परसाजवळ. तिचे ताट-वाटी वेगळे, पाणी वरून ओतलेले, अंथरूण घोंगडीचे वा चटईचे. कारण लोकरीला व रेशमाला विटाळ चटकन लागत नाही, सुती कापडाला लागतो, अशी समजूत. तान्ह्या मुलाला आईकडे पाजायला द्यायचे ते उघडे किंवा रेशमी वस्त्रात गुंडाळून. या व्यवस्थेत चौथ्या दिवशीच्या न्हाण्यापर्यंत तिचे नेसलेले वस्त्र हेच सर्व काही. संयुक्त कुटुंबातील कितीतरी स्त्रियांना हे तीन दिवस कामातून सुटका म्हणून हवेसे वाटत, असे जुन्या पिढीतील स्त्रिया सांगत. ते खोटे मानण्याचे कारण नाही. मात्र ती विश्रांती दुसऱ्या स्त्रीच्या श्रमावर उभी होती, हेही त्याच श्वासात सांगावयास हवे.

ती दुसरी स्त्री म्हणजे परटीण. एडगर थर्स्टन यांनी के. रंगाचारी यांच्या साहाय्याने मद्रासहून १९०९ मध्ये सात खंडांत प्रसिद्ध केलेल्या दक्षिण भारतातील जाति-जमातींच्या कोशात मलबारातील एका रीतीची नोंद आहे. ऋतुस्नानानंतर वण्णात्ती म्हणजे परटीण जे धुतलेले वस्त्र देई, ते नेसल्याशिवाय उच्च मानलेल्या घरातील स्त्रीची शुद्धी पुरी होत नसे. त्या वस्त्राला 'मात्तु' म्हणत, म्हणजे बदली कापड. परटीण जातीने खाली, पण तिच्या हातच्या कापडाशिवाय वरची जात शुद्ध होऊ शकत नाही, असा हा पेच. तमिळ प्रदेशात तर दलितांचे कपडे धुणारी पुदिरै वण्णार ही वेगळी जात आहे आणि तिला दलितांहूनही खाली मानले गेले. ऋतुवस्त्राचा इतिहास आपण कारखान्यापासून सुरू करतो. पण त्याच्या कितीतरी आधी हे वस्त्र पुरवणारी, बदलणारी व धुणारी एक सेवा अस्तित्वात होती आणि ती जातीच्या हिशेबाने चालत होती. मलबारातील मात्तु हे या अर्थाने उसने ऋतुवस्त्रच.

याच प्रदेशातील एका गोष्टीकडे जाता जाता पाहू. केरळातील चेंगन्नूरच्या देवळात देवीच्या वस्त्रावर डाग दिसला की ठरलेल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया ते पाहून निर्णय देतात, देवीला बाहेर बसवले जाते आणि मग स्नानोत्सव होतो. ते वस्त्र भाविक प्रसाद म्हणून जपतात. आसामात कामाख्येलाही अंबुवाची पर्वात लाल वस्त्र प्रसाद म्हणून मिळते. म्हणजे जपून ठेवलेले ऋतुवस्त्र आपल्याकडे आहेच. ते फक्त देवीचे आहे.

आता अंगावर ते कसे वापरले जाई याकडे वळू. मैलापूरच्या ब्राह्मण स्त्रियांचे मडिसार आणि महाराष्ट्रातील नऊवारी या दोन्ही नेसणी नऊ वारांच्या, आणि दोन्हींत वस्त्राचा एक भाग दोन पायांमधून मागे नेऊन खोवलेला असतो. अय्यर स्त्रिया पदर उजव्या खांद्यावर घेतात, अय्यंगार डाव्या, हा भेद तेथे महत्त्वाचा; आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो कासोटा. घट्ट कासोट्यात कापडाची घडी आपोआप धरली जाते. शेतात वाकणारी, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजार गाठणारी, घरकाम करणारी स्त्री कधीच तीन दिवस दूर बसू शकत नव्हती. तिला घडी लागतच होती. मराठीत आजही ग्रामीण भागात 'घडी घेणे' हा प्रयोग ऐकू येतो. जुन्या सुती लुगड्याचा पट्टा फाडून, पदरावर पदर दुमडून, कमरेच्या दोऱ्याला पुढे-मागे लंगोटीसारखा अडकवण्याची ती रीत. शास्त्रग्रंथांत जिचा उल्लेख नाही अशी ही घडीच वस्तुतः आजच्या पॅडची पूर्वज होय. तिचा शोध कोणा परदेशी कंपनीने लावला नाही. काम न सोडता येणाऱ्या बायकांनी ती केली.

कासोट्याची साडी जाऊन परकरावरची पाचवारी-सहावारी साडी आली, हा बदल वेशभूषेच्या इतिहासात सौंदर्यदृष्टीचा वा आधुनिकतेचा म्हणून नोंदवला जातो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकलेल्या तरुण स्त्रियांनी दोन्ही प्रांतांत तो स्वीकारला. परंतु गोल साडीत पायांमधून जाणारे कापडच नाही. घडी धरून ठेवणारा आधार गेला, तेव्हा आतून चड्डी वा कमरेचा पट्टा आवश्यक झाला. साडीची नेसण आणि ऋतुवस्त्र यांचा असा जोडीने विचार केल्याशिवाय हा बदल समजणार नाही, असे मला वाटते.

आणि हा बदल नेमका घडला तो मुली शाळा-कॉलेजात जाऊ लागल्या त्या काळात. त्याआधी एक कायदेशीर वळण येऊन गेले होते. ऋतुप्राप्तीपूर्वी विवाह झालाच पाहिजे, या रूढीमुळे पहिला ऋतू ही जाहीर घटना होती. महाराष्ट्रात न्हाण आलेल्या मुलीला मखरात बसवीत. तमिळ घरांत मंजळ नीराट्टु होई. पहिला ऋतू वाजतगाजत आणि पुढचे सर्व मुकाट्याने, असा हा विरोधाभास. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी, गर्भाधानाच्या वादात, मुलीच्या देहातील ही घटना वर्तमानपत्री चर्चेचा विषय झाली, ती पुरुषांच्या लेखण्यांतून. मद्रासच्या विधिमंडळात व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांनी १९१४ मध्ये ऋतुप्राप्तीनंतरच्या विवाहाला वैधता देणारे विधेयक आणण्याचा प्रयत्न केला. तो फळाला आला नाही. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे किमान वय चौदा ठरवले. या साऱ्या चर्चेत ऋतूविषयी हजारो शब्द लिहिले गेले. वस्त्राविषयी एकही नाही.

१९१४ या वर्षीच समुद्राकाठच्या कॅपर हाउसमध्ये मद्रासचे पहिले मुलींचे कॉलेज सुरू झाले. तेच पुढचे क्वीन मेरीज कॉलेज. त्याच्या जवळच, आइस हाउसमध्ये, आर. एस. सुब्बलक्ष्मी यांनी ब्राह्मण बालविधवांसाठी वसतिगृह चालवले. मैलापुरात १८८६ मध्ये जन्मलेल्या, बालपणीच विधवा झालेल्या आणि १९११ मध्ये पदवीधर झालेल्या सुब्बलक्ष्मींचे चरित्र मोनिका फेल्टन यांनी १९६६ मध्ये इंग्रजीत लिहिले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत काढलेल्या शारदा सदनाशी त्यांच्या संस्थांचे नावापासून साम्य आहे. अशा संस्थांचे महत्त्व आपण शिक्षणाच्या आकड्यांत मोजतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांनी केलेली गोष्ट वेगळी आहे. वर्गाच्या वेळापत्रकात 'दूर' नावाचा रकाना नसतो. महिन्याकाठी तीन दिवस गैरहजर राहणारी मुलगी वर्षाकाठी तीस-पस्तीस दिवस गमावते. बाकावर सलग तासभर बसावयाचे, मैत्रिणींच्या रांगेतून चालावयाचे, तर कापड अंगाला नीट बांधलेले हवे, त्याचा डाग बाहेर येता कामा नये. घरात जे काम भिंत करीत होती ते काम आता कापडाला करावे लागले.

पश्चिमेतही घटनाक्रम फारसा निराळा नाही. जॉन्सन अँड जॉन्सनने १८९० च्या दशकात 'लिस्टर्स टॉवेल' बाजारात आणले, पण उघड मागण्याच्या संकोचापायी त्यांचा खप बेताचाच राहिला. पहिल्या महायुद्धात जखमांच्या पट्ट्यांसाठी बनवलेले लाकडाच्या लगद्याचे शोषक द्रव्य युद्धानंतर शिल्लक राहिले, आणि १९२० मध्ये त्यातून 'कोटेक्स' निघाले. १९२७ मध्ये लिलियन गिलब्रेथ या अभियंता स्त्रीने प्रथमच वापरणाऱ्या स्त्रियांना विचारून अहवाल तयार केला. १९३३ मध्ये टॅम्पॉनचे, तर १९३७ मध्ये लिओना चामर्स यांच्या रबरी कपचे अमेरिकी पेटंट नोंदले गेले. तरीही १९७० च्या सुमारास मागे चिकटपट्टी असलेला पॅड येईपर्यंत बहुसंख्य स्त्रिया कमरेचा पट्टा आणि त्याला पुढे-मागे अडकवलेले पॅड हेच वापरीत होत्या. कमरेचा दोरा आणि लंगोटी यांच्याशी याचे साम्य सांगण्याची गरज नाही. चिकटपट्टीने पट्टा घालवला, पण त्यासाठी आत घट्ट चड्डी असणे गृहीत धरले. भारतातील कितीतरी स्त्रियांच्या बाबतीत ते गृहीतक अनेक वर्षे खोटे होते. पॅड न स्वीकारण्यामागे किमतीइतकेच हेही कारण होते.

भारतात 'व्हिस्पर' १९८९ मध्ये आले. त्याआधीच्या 'केअरफ्री' आणि 'स्टेफ्री' या नावांसह ही तीन नावे एकत्र वाचली तर त्यांचा शब्दसंग्रह उघड होतो : कुजबुज, निश्चिंतता, मोकळीक. देहाचे वा वस्त्राचे नाव येथेही नाही. जाहिरातीत रक्ताऐवजी निळे पाणी ओतले गेले. औषधाच्या दुकानात पुडा वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देण्याची पद्धत तर मैलापूरपासून महाडपर्यंत एकच. 'दूरम्' या शब्दाने जे केले तेच या नावांनी व त्या पिशवीने केले; फक्त अंतर आता घरात नव्हते, ते वेष्टनात होते. याच काळात माड वीथींच्या परिसरातील चौकाची घरे पडून तेथे सदनिका उभ्या राहिल्या. दोन खोल्यांच्या सदनिकेत परसू नाही आणि ओला कपडा लपवून वाळत घालण्यास जागा नाही. धुतलेली घडी इतर कपड्यांच्या खाली, सावलीत, दमट कोपऱ्यात वाळवण्याचा त्रास सर्वच स्त्रियांनी सोसला. ज्या उन्हाने ती निर्जंतुक झाली असती त्या उन्हातच ती नेता येत नव्हती.

मैलापुरातील एका नावाचा उल्लेख येथे करावयास हवा. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी 'अमृतांजन' काढले ते १८९३ मध्ये, मुंबईत. १९१४ मध्ये ते आपल्या 'आंध्रपत्रिके'सह मद्रासला आले. लझ चर्च रोडवर कंपनीचे कार्यालय, आणि जवळच त्यांच्या नावाचे उद्यान. डोकेदुखीचे हे मलम विकणाऱ्या कंपनीने २०१० नंतरच्या दशकात 'कॉम्फी' हे सॅनिटरी नॅपकिन बाजारात रुजवले. ज्या वस्तीत तीन पिढ्यांपूर्वी परसातील कोपरा होता, त्याच वस्तीतून आता पॅडचा व्यापार चालतो.

याच राज्यात, कोइंबतूरला, अरुणाचलम् मुरुगानंदम् यांनी स्वस्त पॅड बनवणारे छोटे यंत्र केले आणि त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची कथा चित्रपटांनी इतकी सांगितली आहे की येथे पुनरुक्ती नको. तमिळनाडू सरकारने २०१२ मध्ये 'पुदु युगम्' योजनेखाली किशोरींना मोफत पॅड देण्यास आरंभ केला. महाराष्ट्रात 'अस्मिता' योजना २०१८ मध्ये आली. २०१७ मध्ये पॅडवर लावलेला १२ टक्के वस्तू व सेवा कर एका वर्षाने उठवावा लागला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे १५ ते २४ वयोगटातील, आरोग्यदृष्ट्या सुरक्षित साधन वापरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५८ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये सुमारे ७७ टक्के झाले. हे आकडे मोठ्या बदलाचे आहेत यात संशय नाही. मात्र या दोन्ही पाहण्यांत साध्या कापडाला सुरक्षित साधनांत जागा नव्हती. स्वच्छ धुतलेली, उन्हात वाळवलेली घडी आणि कोपऱ्यातील दमट चिंधी या एकाच रकान्यात मोजल्या गेल्या. दोष कापडाचा की ते लपवण्याच्या सक्तीचा, हा प्रश्न त्या रकान्यात बसत नाही. ऑरोव्हिलच्या 'इको फेम'सारख्या संस्थांनी धुऊन वापरावयाचे कापडी पॅड पुन्हा पुढे आणले आणि 'गूंज'ने जुन्या सुती कापडाच्या घड्या वाटल्या, तेव्हा त्यांनी हाच प्रश्न विचारला होता.

धुण्याचा प्रश्न मात्र पॅडने मिटवला नाही. त्याने तो दुसरीकडे नेला. प्लास्टिकचे अस्तर असलेला पॅड ना कुजतो ना धुतला जातो. तो कचऱ्यात जातो आणि तेथे तो हाताने वेगळा करणारी बहुधा दलित स्त्रीच असते. पूर्वी वण्णात्तीला निदान ते वस्त्र कोणाचे हे ठाऊक असे आणि त्या बदल्यात धान्याचा हक्क असे. पुण्यातील कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांच्या संघटनेने आणि 'स्वच्छ' संस्थेने २०१३ मध्ये वापरलेले पॅड गोळा करून उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवले. त्या स्त्रियांचे म्हणणे सरळ होते : ज्यांनी ही वस्तू विकली त्यांनी तिच्या शेवटाचीही जबाबदारी घ्यावी. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत पॅडसोबत विल्हेवाटीसाठी वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली. आणि याच कष्टकरी स्त्रियांच्या मागणीतून पुण्यात आणखी एक रीत पुढे आली. वापरलेला पॅड कागदात गुंडाळल्यावर त्यावर लाल ठिपका काढावयाचा, म्हणजे उघडून न पाहताच वेचणारीला आत काय आहे ते कळेल. मराठी घरातील स्त्रीने आपल्या ऋतुवस्त्राबद्दल एका अनोळखी स्त्रीसाठी स्वतःच्या हाताने केलेली ही खूण आहे, आणि तिच्यात कुठेही 'दूर' नाही.